वायपर नवे, रेघा मात्र जुन्याच! पावसात गाडीची काच धूसर का होते?

नागपूर : जूनचा मध्य. दोन-अडीच महिने भाजून निघालेल्या शहरावर पहिली दमदार सर कोसळते. वर्धा रोडवरून घरी निघालेला कारचालक वायपर सुरू करतो आणि समोरचे दृश्य स्वच्छ होण्याऐवजी आणखी बिघडते. काचेवर चिखलाचा अर्धगोल पट्टा, त्यात बारीक रेघा आणि समोरून येणाऱ्या हेडलाइटचा प्रकाश त्या रेघांवर फुटून सगळी काच पांढरी. दोन-तीन सेकंद रस्ता दिसतच नाही. ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते.

दुसऱ्या दिवशी बहुतेक जण एकच करतात. दुकानात जाऊन वायपरची नवी जोडी बसवून घेतात. दोन दिवस बरे जातात आणि मग रेघा परत. मग ‘माल डुप्लिकेट होता’ असा निष्कर्ष निघतो. तसे असेलही; पण पुष्कळदा दोष रबरात नसतोच. तो काचेवर साचलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरात असतो. नवे रबर त्याच घाणीवर घासले की आठवड्याभरात तेही जुन्यासारखेच वागू लागते.

रबराची धार नेमके करते काय?

वायपर पाणी ‘पुसतो’ असे आपण म्हणतो; पण तो फडक्यासारखा पाणी शोषून घेत नाही. रबराची खालची बारीक ओठासारखी पट्टी काचेवर तिरकी टेकते आणि पाणी ढकलत नेते. ही टेकणारी कड केसाच्या जाडीपेक्षाही अरुंद असते. मागे पाण्याचा एक अतिशय पातळ, एकसारखा थर राहतो. तो एकसारखा असेल, तर त्यातून स्वच्छ दिसते आणि क्षणात तो वाळूनही जातो. थर तुटक असेल, तर प्रत्येक थेंब छोट्या भिंगासारखा प्रकाश वाकवतो. आपल्याला दिसणारा धूसरपणा म्हणजे हेच.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. वायपर उजवीकडे जाताना रबराचा ओठ डावीकडे झुकलेला असतो. परत फिरताना तो उलटतो. मिनिटाला ४० फेऱ्या धरल्या, तर तासाभराच्या पावसात हे उलटणे ४ हजार ८०० वेळा होते. रबर मऊ असेल तर ते सहज उलटते. कडक झाले असेल तर अडखळते, थरथरते, ‘टक-टक’ आवाज करते आणि काचेवर शिडीच्या पायऱ्यांसारखे पट्टे सोडते.

नागपूरची काच लवकर का बिघडते?

याचे पहिले कारण सगळ्यांना ठाऊक आहे, ते म्हणजे ऊन. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. (मे २०२४ मधली ५६ अंशांची ती गाजलेली नोंद आठवत असेल, तर ती सेन्सरच्या बिघाडामुळे होती, असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले.) सावलीत ४५ अंश असताना उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जातो. वायपरचे रबर त्याच तापलेल्या काचेला चिकटून दिवस दिवस पडून असते. उष्णता, अतिनील किरणे आणि हवेतला ओझोन मिळून रबराचा पृष्ठभाग कडक करतात, त्याला बारीक भेगा पाडतात. त्यातही नवतपाच्या दिवसांत गाडी एकाच जागी उभी राहिली, तर ओठ ज्या बाजूला झुकलेला आहे त्याच बाजूला कायमचा वाकतो. मग पहिल्या पावसात वायपर जाताना स्वच्छ पुसतो आणि येताना रेघा ओढतो. एकाच दिशेला रेघा उमटत असतील, तर संशय आधी इथे घ्यावा.

दुसरे कारण धूळ. सिमेंट रस्त्यांची कामे, उड्डाणपूल, इमारतींची बांधकामे आणि शहराच्या उत्तरेला कोराडी व खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे. सिमेंटची पूड, वाळूचे कण, राख असे सगळे काचेवर बसते. वाळूतले क्वार्ट्झचे कण काचेपेक्षा कठीण असतात. रबर स्वतः काचेला ओरखडा पाडू शकत नाही. रबराखाली अडकलेला कण पाडतो. म्हणून सकाळी ऑफिसला निघताना कोरड्या काचेवर वायपर एकदा फिरवून धूळ झाडण्याची जी सवय अनेकांना आहे, तिच्याइतकी वाईट सवय दुसरी नाही.

तिसरे कारण म्हणजे पाणी, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. उन्हाळा संपताना कुलर उघडला की त्याच्या गवतावर पांढरा, कडक थर दिसतो. प्रत्येक नागपूरकराने तो कधी ना कधी खरवडला आहे. बोअरवेलच्या जड पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार पाणी उडून गेल्यावर मागे राहतात, त्याचा हा थर. गाडी त्याच बोअरच्या पाण्याने भर उन्हात धुतली की काचेवरही तेच घडते, फक्त कमी प्रमाणात. पाण्याचे थेंब वाळून गोल पांढरट डाग पडतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून काही घरांत आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी साठवून त्याने गाडी धुतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार आणखी दाटलेले असतात. काचेसाठी ते सर्वांत वाईट. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्याने जवळपास क्षारमुक्त असते. काच शेवटची धुवायला आणि वॉशरच्या टाकीत भरायला ते गाळून वापरले, तर डाग पडत नाहीत.

या तिन्हींवर चढतो तेलकट थर. डिझेलचा धूर, समोरच्या ट्रकने उडवलेले रस्त्यावरचे ऑइल, वॉशिंग सेंटरवर बॉडीला लावलेले आणि काचेवरही पसरलेले वॅक्स, सिव्हिल लाइन्ससारख्या भागात झाडाखाली गाडी लावल्यावर पडणारा चिकट चीक. साध्या पाण्याने यातले काहीच निघत नाही. वायपर ते फक्त एकसारखे पसरवतो.

रेघ पाहून दोष ओळखा

प्रत्येक वेळी एकाच जागी एकच बारीक रेघ येत असेल, तर रबरात तिथे कण अडकला आहे किंवा धारेला बारीक चीर गेली आहे. बोट फिरवले की जाणवते. रेघ नसून रुंद पट्टाच पुसला जात नसेल, तर तिथे रबर काचेला टेकत नाही. सांगाडा वाकला आहे, जुन्या धाटणीच्या वायपरचा एखादा सांधा गंजला आहे किंवा आर्मची स्प्रिंग ढिली पडली आहे. नवा ब्लेड चुकीच्या लांबीचा घेतला तरी असेच होते. काचेच्या टोकाला वक्र जास्त असतो आणि लांब ब्लेड तिथे उचलला जातो.

वायपर थरथरत असेल, तर दोन शक्यता. फक्त एका दिशेला थरथरत असेल तर आर्म किंचित पिळलेला असतो, त्यामुळे रबर काचेवर काटकोनात उभे राहत नाही. दोन्ही दिशांना थरथरत असेल तर रबर कडक झाले आहे किंवा काचेवर वॅक्सचा थर आहे. आर्म सरळ करण्याचे काम मात्र मेकॅनिककडूनच करून घ्यावे; पकडीने घरी पिळायला गेले की काच फुटल्याचे प्रकार होतात.

आणि धुरकट पडदा? वायपर गेल्यावर काच एकसारखी दुधाळ दिसते आणि सेकंद-दोन सेकंदांनी निवळते, ही तक्रार सर्वांत जास्त. यात बहुतेक वेळा गुन्हेगार तेलकट थरच असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. काच धुऊन तिच्यावर मगभर पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखे उतरले, तर काच स्वच्छ. थेंब थेंब होऊन तुटले, तर वर काहीतरी बसले आहे. (काचेला पाणी झटकणारे कोटिंग मुद्दाम लावून घेतले असेल, तर थेंब होणारच. तिथे ही परीक्षा चालणार नाही.)

आधी काच, मग रबर, शेवटी खिसा

हा क्रम पाळला तर बरेचदा दुकानात जावेच लागत नाही.

गाडी सावलीत उभी करून काच थंड होऊ द्यावी. भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी. कोरडे फडके लावू नये. मग कार शाम्पू किंवा भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब घातलेल्या पाण्याने मऊ कापडाने काच घासावी. बॉनेटच्या कडेला, वायपर जिथे विसावतात त्या खाचेतली पाने आणि माती हाताने काढावी. वायपर दर फेरीला तीच घाण वर ओढत असतो. लिक्विड नीट धुऊन काढणे महत्त्वाचे, नाहीतर पहिल्या सरीत काचेवर फेस येतो.

पांढरे डाग राहिले, तर किराणा दुकानात मिळणारे पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापड भिजवावे, डागांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. आम्लात क्षार विरघळतात, एवढेच यामागचे रसायनशास्त्र. रंगावर आणि रबरावर ते ओघळू देऊ नये. फरशी किंवा टॉयलेट साफ करायचे ॲसिड वापरण्याचा मोह मात्र टाळावा. काचेपेक्षा गाडीचा रंग आणि धातूच्या पट्ट्या आधी जातील.

मगाची परीक्षा पुन्हा करावी. तरीही पाणी तुटत असेल, तर वॅक्स किंवा सिलिकॉन आहे. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले मायक्रोफायबर कापड चालते. त्यानेही नाही गेले, तर डिटेलिंगच्या दुकानात मिळणारा क्ले बार, म्हणजे मळलेल्या मातीसारखी वडी, भरपूर ओल्या काचेवर हलक्या हाताने फिरवावी. काच गुळगुळीत झाल्याचे बोटालाच कळते.

काच पुसायला ओले वर्तमानपत्र उत्तम, हा घराघरातला सल्ला चुकीचा नाही. अर्थात ही सोय छापील अंकाचीच. ई-पेपरला ते जमणार नाही. विंडशील्डसाठी मात्र मायक्रोफायबर बरे, कारण कागदाखाली अडकलेला धुळीचा कण दिसत नाही.

आता रबर. आर्म उचलून ओल्या कापडाने रबराची धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसावी. कापडावर काळे येईल. ते येणे थांबेपर्यंत पुसावे, पण घासू नये. नव्या रबराच्या धारेवर अनेकदा ग्रॅफाइटचा पातळ थर असतो, तो घर्षण कमी करतो. सँडपेपर मारून ‘धार लावण्याचा’ प्रकार हाच थर आणि ती नेमकी कड दोन्ही घालवतो. रॉकेल, डिझेल, खोबरेल तेल लावले की रबर तासभर मऊ वाटते. नंतर ते फुगते, आणि काचेवर नवा तेलकट थर चढतो तो वेगळा.

एक खबरदारी. ब्लेड काढल्यावर उघडा धातूचा आर्म काचेवर आपटला, तर काच तडकते. खाली जाड टॉवेल ठेवल्याशिवाय ब्लेड काढू नये. दुपारभर वायपर उभे करून ठेवण्याची पद्धतही जपून वापरावी. रबर तापत नाही हे खरे; पण वैशाखातल्या वावटळीने आर्म आपटला तर नुकसान मोठे. त्यापेक्षा काचेवर पुठ्ठा किंवा कव्हर टाकावे.

एवढे करूनही रेघा राहिल्या, तरच नवे वायपर. तेव्हा लांबी गाडीच्या पुस्तिकेतून पाहून घ्यावी; चालकाच्या बाजूचा आणि डावीकडचा ब्लेड बहुधा वेगवेगळ्या लांबीचे असतात. अडकवण्याचा हुक कोणत्या प्रकारचा आहे, हे जुना ब्लेड सोबत नेल्यास दुकानदाराला लगेच कळते. काही ब्लेडमध्ये फक्त आतले रबर, म्हणजे रिफिल, बदलता येते. सांगाडा ठीक असेल तर तो स्वस्तातला उपाय. आणि नागपूरकरांनी रबर मार्चमध्ये नव्हे, जूनच्या सुरुवातीला बदलावे. मार्चमध्ये घेतलेले नवे रबर पाऊस येईपर्यंत म्हातारे झालेले असते.

बटाटा आणि तंबाखूचे काय?

वायपर बंद पडला तर काचेवर कापलेला बटाटा किंवा ओली तंबाखू चोळण्याचा जुन्या ट्रकचालकांचा उपाय ऐकून तरुण मंडळी हसतात. पण त्यात तथ्य आहे. बटाट्यातल्या स्टार्चचा पातळ थर पाण्याला स्वतःकडे ओढतो. त्यामुळे थेंब न होता पाणी सलग पसरते आणि त्यातून बरे दिसते. वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यातून निघालेल्या एखाद्या ट्रकचा वायपर घाटात बंद पडला, तर एवढ्यावर पुढचा ढाबा गाठता येतो. चालू वायपरखाली मात्र हा प्रयोग नको, तो स्टार्चचा लगदा करून टाकेल.

खुद्द वायपरचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामचालकाला काच पुसण्यासाठी सारखी धडपड करताना पाहिले आणि आतून दांड्याने फिरवता येणारे रबरी पाते तयार केले. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले. त्याचा उपयोग नाही, असे सांगून कंपनीने ते नाकारले आणि मुदत संपेपर्यंत अँडरसनबाईंच्या हाती एक पैसाही लागला नाही. थांबून थांबून चालणाऱ्या वायपरचे पेटंट घेणारे रॉबर्ट कर्न्स अधिक चिवट निघाले. त्यांनी फोर्डशी वर्षानुवर्षे कोर्टात झुंज दिली आणि १९९० मध्ये कंपनीने १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजली.

काच बाहेरून स्वच्छ, तरी धूसर?

मग आत बोट फिरवून पाहा. डॅशबोर्डचे प्लास्टिक तापले की त्यातून सूक्ष्म तेलकट बाष्प निघते आणि थंड झाल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बसते. नव्या गाडीत हे जास्त होते आणि डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारले की आणखी. आतून काच शेवटची कधी पुसली, हे बहुतेकांना आठवतही नाही. समोरून येणाऱ्या दिव्यांचा चकचकाट निम्मा तरी या थरामुळे वाढतो. थोडे अल्कोहोल, स्वच्छ कापड, दहा मिनिटे, काम संपले.

पावसात आतून वाफ धरते ती वेगळी. प्रवाशांच्या श्वासातले बाष्प थंड काचेवर जमते. एसी सुरू करून हवेचा झोत काचेकडे वळवावा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करावे. जुलैच्या दमट रात्री मात्र उलटा प्रकार घडतो. एसीने काच इतकी थंड होते की बाहेरूनच दव धरते. वायपर फिरवला की निवळते, पुन्हा लगेच धूसर. चालक वायपरला दोष देतो. इथे काचेवरचा थंड झोत बंद करून एसीचे तापमान थोडे वाढवले की पुरते.

समृद्धीवर हिशोब बदलतो

शहरात चालून जाणारा वायपर महामार्गावर उघडा पडतो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग सुरू आहे. कारसाठी सपाट भागात वेगमर्यादा ताशी १२०, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. या वेगाला वाऱ्याचा दाब सैल वायपरला काचेवरून उचलतो, मधला भाग पुसलाच जात नाही. सांगाडा नसलेले सपाट ब्लेड इथे चांगले टिकाव धरतात, कारण त्यांचा आकारच वाऱ्याने दाबला जाईल असा केलेला असतो.

शिवमडक्याहून दुपारी निघालेली गाडी संध्याकाळी थेट मावळतीच्या सूर्यासमोर असते. काचेवर आपटलेले किडे आणि तेलकट थर यांच्यावर ते आडवे ऊन पडले की समोरचा ट्रक दिसेनासा होतो. किडे कोरड्या वायपरने पुसू नयेत. ते चेपून पसरतात. निघण्यापूर्वी वॉशरची टाकी भरलेली आहे का आणि फवारा काचेच्या मधोमध पडतो का, एवढे पाहावे. तोटी क्षाराने बंद झाली असेल, तर बारीक टाचणीने मोकळी होते.

ओरखडेच पडले असतील तर?

धुऊनही अर्धगोल रेघा हटत नसतील, तर त्यांवर नख आडवे फिरवावे. नख अडकत नसेल, तर सीरियम ऑक्साइडच्या पॉलिशने त्या फिकट करता येतात. अडकत असेल तर पॉलिशवर पैसे घालवू नयेत. चालकाच्या डोळ्यांसमोरच्या भागात जास्त पॉलिश केल्याने काच लहरी होऊन दृश्य वाकडे दिसू लागते, हाही धोका आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार व्हायला हवा, आणि नियम १०१ नुसार कारला शक्तीवर चालणारा, नीट काम करणारा वायपर बंधनकारक आहे. म्हणजे बिघडलेला वायपर ही केवळ गैरसोय नाही.

काच बदलायची वेळ आली, तर विम्याचे गणित आधी करावे. सर्वसमावेशक विम्यात काचेवर घसारा कापला जात नाही. पण वायपरच्या घासण्याने पडलेले ओरखडे ही झीज मानली जाते आणि झिजेचा दावा मिळत नाही. दगड लागून तडा गेला तर दावा होतो. त्यातही १५०० सीसीपर्यंतच्या कारसाठी पहिले १ हजार रुपये मालकाला भरावे लागतात आणि नो क्लेम बोनसवर परिणाम होऊ शकतो. ज्या नव्या गाड्यांत काचेमागे लेन आणि ब्रेकसाठीचा कॅमेरा असतो, त्यांत काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करून घ्यावे लागते. ते बिलात धरले आहे का, हे काच बसवण्याआधीच विचारून घ्यावे.